डॉ. आनंदीबाई जोशी यांचा क्षय व तत्कालीन वैद्यक

कल्याणांत बालपण गेलेल्या डॉ. आनंदीबाई जोशी ता. २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास क्षयानें वारल्या. तेव्हां त्यांस २२ वें वर्षही पुरें झालें नव्हतें. विलायती उपचार शेवटपर्यंत चालते तर बाई वांचत्या, असें कित्येकांचें म्हणणें. आयुर्वेदाभिमानी याच्या उलट सांगतात. उभय पक्षांनीं सनावळी पाहिलेली दिसत नाहीं.

क्षयाचे जंतु रॉबर्ट कॉख यानें बर्लिन येथें ता. २४ मार्च १८८२ रोजीं जाहीर केले. बाई कलकत्त्याहून अमेरिकेस निघाल्या त्या ता. ७ एप्रिल १८८३ रोजीं. म्हणजे त्या जहाजावर चढण्यापूर्वींच रोगाचें कारण उघड झालें होतें. परंतु जंतूंवर खरोखर चालणारें पहिलें औषध, स्ट्रेप्टोमायसिन, १९४३ सालीं हातीं आलें. मधलीं ६१ वर्षें निदान होतें, औषध नव्हतें. खुद्द कॉखनें १८९० त ट्युबरक्युलिन हा उपाय म्हणून पुढें केला, तो फसला. तें द्रव्य पुढें रोगपरीक्षेसच काय तें उपयोगीं पडलें. चरकानें शोषाचीं कारणें साहस, वेगसंधारण, क्षय व विषमाशन अशीं चार दिलीं आहेत. जंतु त्यास ठाऊक नव्हता हें खरें. पण १८८७ त जंतु ठाऊक असलेल्या डॉक्टराजवळही विश्रांति, सकस अन्न व मोकळी हवा यांपलीकडे विशेष कांहीं नव्हतें. तेव्हां बाईंच्या मृत्यूचा दोष वैद्यावर किंवा डॉक्टरावर ठेवणें न्याय्य नव्हे.

प्रसूतीचा विषय मात्र निराळा. सेमेलवाइसनें व्हिएन्ना येथें १८४७ त केवळ हात धुवावयास लावून सूतिकाज्वराचे मृत्यु घटविले होते. लिस्टरची जंतुनाशक पद्धति १८६७ ची. बाईंचें स्वतःचें मूल दहा दिवसांतच गेलें होतें, आणि १८८६ त फिलाडेल्फियास एम्. डी. होतांना त्यांनीं प्रबंधास विषय घेतला तो आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्राचा. नवें वैद्यक जेथें त्याच वेळीं समर्थ होतें, नेमकें तेंच क्षेत्र त्यांनीं निवडलें. आपल्या आजारापुढें तें किती दुबळें आहे, हें त्यांस उमगलें असेलच.

तो प्रबंध फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संग्रहीं सुरक्षित आहे. आपल्याकडील सूतिकोपचारांचीं व क्षयावरील औषधांचीं बाडें मात्र माळ्यावर कसरीच्या तोंडीं पडलीं आहेत. ठाणें-कल्याणाकडे अशीं कोणाच्या घरीं असल्यास, निदान मिती व लेखकाचें नांव असलेलीं पानें तरी उतरून ठेवावींत.