जबडा सागाचा की बाभळीचा?

घरी सुतारकामाचा व्हाइस करायचा म्हटलं की सल्ला ठरलेला: "जबड्यांना सागवान घ्या!" आमच्या पिपरी मेघेतही तोच. पण सागाला हा मान आला कुठून?

मोठा वाटा जहाजांचा. मुंबईच्या गोदीत वाडियांनी १८१७ साली बांधलेलं 'ट्रिंकोमाली' हे सागवानी जहाज इंग्लंडात आजही तरंगतंय. पाणी, वाळवी, सागाला कशाचं भय नाही. पुढे १८७८ च्या वन कायद्याने राखीव जंगलं वाढली आणि तिथला साग सरकारी माल झाला.

गावच्या सुताराच्या हाताशी उरली ती बांधावरची बाभूळ. पण म्हणून ती दुय्यम नव्हे हं! बंडीच्या चाकाचा तुंबा, म्हणजे मधला गोल ठोकळा, बघा. सगळे आरे त्यात ठोकलेले, प्रत्येक खड्ड्याचा दणका त्यालाच. तिथे बाभूळच लागायची, कारण ती सागापेक्षा जड, टणक आणि चिवट.

व्हाइसच्या जबड्याचं दुखणंही तेच. स्क्रू खाली आवळतो, काम वर धरलेलं. मधल्यामध्ये जबडा वाकतो, भोकापाशी चिरतो.

हे हातातलं शहाणपण शाळेत यावं म्हणून वर्ध्यातच १९३७ साली शिक्षण परिषद भरली. झाकीर हुसेन समितीने मूलोद्योगांत सुतारकामही धरलं. आता बंड्यांना टायर आले. तुंबे घडवणारे हात थांबले की बाभळीची पारख कोण शिकवणार?

असो. माझं ठरलंय: जबडे नीट वाळलेल्या बाभळीचे, आणि आतून सागाची पातळ फळी. म्हणजे कामावर वण नकोत!