सेवा होती, पण ती सापडली कुणाला?

दवाखाना, शाळा, पाणीपुरवठा, पेन्शन योजना अशा एखाद्या सेवेच्या इतिहासावर काम करायचं ठरवलं की आपण पहिल्यांदा स्थापनेचं वर्ष शोधतो. मग संस्थापक कोण, निधी कुठून आला, इमारत कधी झाली हे एकाखाली एक लिहितो. सिनॉप्सिसमध्ये हे सगळं नीटनेटकं दिसतं. पण गाईडनं एकच साधा प्रश्न विचारला की गाडी अडते : सेवा सुरू झाली हे ठीक, पण माणसं तिथपर्यंत पोचली कशी?

आजची पोस्ट या प्रश्नाबद्दल आहे. उदाहरणं सगळी छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) आणि मराठवाड्यातली घेतो. नोंदी काढताना मी चार साधे शब्द वापरतो, ते आधी सांगतो. सोय म्हणजे प्रत्यक्ष सेवा. मुभा म्हणजे ती वापरू दिली जाणं. खबर म्हणजे ती कुठं आहे, कुणाकडे आणि कोणत्या भाषेत मागायची याची माहिती. आणि पुरावा म्हणजे आपण तिचे हक्कदार आहोत हे दाखवणारा कागद. यातलं एक जरी नसलं तरी सेवा अहवालात दिसते आणि माणूस मात्र रिकाम्या हातानं परततो. आपण लिहितो तो इतिहास बहुतेक वेळा फक्त सोयीचा असतो. बाकीच्या तिन्हींची साधनं वेगळीकडे असतात, म्हणून ती सुटतात.

सोय : डोळ्यांना दिसणारी सेवा

मलिक अंबरनं १६१० मध्ये खडकी हे शहर वसवलं आणि पुढच्या काही वर्षांत तिथं पाणी आणलं. शहराबाहेरचं भूजल जमिनीखालच्या नहरीतून वस्तीत यायचं आणि ठिकठिकाणच्या हौदांत पडायचं. हीच ती नहर-ए-अंबरी. १८ व्या शतकात बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याजवळ पाणचक्की उभी राहिली. दूरवरून मातीच्या नळांतून आलेलं पाणी उंचावरून पाडायचं, त्याच्या जोरावर जातं फिरायचं आणि दर्ग्यात येणाऱ्या फकिरांसाठी, यात्रेकरूंसाठी पीठ निघायचं.

इथं एक गोष्ट लक्षात घ्या. हौद चौकात असतो, दर्गा सगळ्यांना ठाऊक असतो. असली सेवा शोधायला अर्ज, कचेरी किंवा शिक्का लागत नाही. तिची खबर तिच्या जागेतच असते. त्यामुळे या काळावर काम करणाऱ्यानं नकाशा, बांधकाम आणि दर्ग्याशी जोडलेलं लेखन ही साधनं एकत्र वाचायला हवीत. पाणचक्कीच्या परंपरेचं 'मलफूजात-ए-नक्शबंदिया' हे फारसी पुस्तक सायमन डिग्बी यांच्या इंग्रजी भाषांतरात २००१ पासून उपलब्ध आहे. बाबा शाह मुसाफिर आणि त्यांचे गुरू बाबा पलंगपोश यांच्याबद्दलचं हे पुस्तक आपण सहसा 'सूफी संप्रदाय' या कप्प्यात टाकतो. पण तिथं कोण यायचं, काय मागायचं आणि त्याला काय मिळायचं, हा प्रश्न मनात ठेवून वाचलं तर तेच पुस्तक सेवांच्या इतिहासाचं साधन होतं.

मुभा : दिसतं, पण हात लावता येत नाही

पण जे दिसतं ते सगळ्यांचं असतं का? याचं उत्तर शहरापासून जेमतेम १५ किलोमीटरवर, दौलताबादच्या किल्ल्यात आहे. १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी वेरूळला निघाले असताना वाटेत दौलताबादला थांबले. प्रवासाची धूळ होती, म्हणून किल्ल्याच्या दाराजवळच्या पाण्याच्या टाक्यावर त्यांनी हातपाय धुतले. त्यावरून अस्पृश्यांनी पाणी बाटवलं असा आरडाओरडा झाला. शेवटी किल्ला पाहायला परवानगी मिळाली, पण आत कुठंही पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर, आणि सोबत शस्त्रधारी शिपाई देऊन. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लेखनात त्यांनी हा प्रसंग नोंदवला आहे.

सोय होती, समोर दिसत होती, मुभा नव्हती. सरकारी अहवालात या पाण्याची नोंद सापडली असती तर ती 'पाण्याची व्यवस्था उपलब्ध' अशीच असती. म्हणून अहवालात 'उपलब्ध' हा शब्द दिसला की पेन्सिलनं बाजूला 'कुणाला?' असं लिहायची सवय लावा. उत्तर बहुतेकदा अहवालाबाहेर सापडतं : आत्मकथनांत, तक्रारअर्जांत, चळवळीच्या पत्रकांत.

खबर : नाव, भाषा आणि कचेरी

याच बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं १९५० मध्ये याच शहरात महाविद्यालय सुरू केलं. पुढं ते मिलिंद महाविद्यालय झालं. मराठवाड्यात उच्च शिक्षणाची सोय अगदी तुटपुंजी होती, तो हा काळ. महाविद्यालयाचा स्थापना-इतिहास अनेकांनी लिहिला आहे. पण खेड्यातल्या मुलाला इथं प्रवेश मिळतो, राहायला वसतिगृह आहे, हे सांगितलं कुणी? असा प्रश्न घेतला की अख्खा अभ्यास बदलतो. मग प्रवेशाच्या रजिस्टरइतकंच महत्त्व गावातले शिक्षक, चळवळीतले कार्यकर्ते, आधी शिकायला गेलेला भावकीतला एखादा मुलगा यांना येतं. खबर माणसांच्या साखळीनं फिरते आणि ती साखळी मुलाखतीतच सापडते.

खबरीत नावालाही फार महत्त्व असतं. १९५६ मध्ये सुरू झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय कागदोपत्री काहीही असो, लोकांच्या तोंडी ते 'घाटी'च आहे. जालन्याहून किंवा बीडहून पेशंट घेऊन निघालेला माणूस रिक्षावाल्याला 'घाटी' म्हणतो आणि पोचतो. तुमच्या मुलाखतीत 'घाटी' येणार, शासकीय कागदात ते पूर्ण नाव येणार. दोन्ही नावं टिपली नाहीत तर एकाच जागेच्या दोन गोष्टी होऊन बसतात.

आता भाषा आणि कचेरी. निजामाच्या राजवटीत वरचा कारभार आधी फारसीत आणि १९ व्या शतकाच्या शेवटापासून उर्दूत चालायचा. जिल्ह्यातली बहुसंख्य माणसं बोलायची मराठी. म्हणजे अर्ज करायचा तर मध्ये कुणीतरी लिहिणारा, वाचून दाखवणारा आलाच. मग १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झालं. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. १४ वर्षांत चार बदल! राजधानी हैदराबादहून मुंबईला गेली, कचेरीची भाषा बदलली, अधिकाऱ्यांची पदनामं बदलली.

राजकीय इतिहासात ही मुक्तीची आणि एकीकरणाची वर्षं आहेत आणि ते बरोबरच आहे. पण याच वर्षांत एखाद्या म्हाताऱ्या बाईला आपलं काम आता कुठल्या कचेरीत होतं, हे पुन्हा पुन्हा नव्यानं शिकावं लागलं असणार. राजवट बदलताना दवाखान्याची इमारत तशीच राहते, पण तिच्याबद्दलची खबर जुनी होते. माझ्या मते मराठवाड्याच्या सेवांच्या इतिहासातला हा कळीचा मुद्दा आहे.

पुरावा : पोच आणि जुने कागद

१९७२ च्या दुष्काळानंतर महाराष्ट्रात रोजगार हमी योजना रुजली. वि. स. पागे हे तिचे शिल्पकार. १९७७ चा रोजगार हमी कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. गाभा असा, की काम मागितल्यापासून १५ दिवसांत काम द्यायचं, नाहीतर बेकारी भत्ता. ऐकायला सोपं वाटतं. पण १५ दिवस मोजायचे कधीपासून? मागणीच्या तारखेपासून. तारीख सिद्ध कशी करायची? तारीख घातलेली पोच दाखवून. तोंडी मागणीला तारीखच नसते. म्हणून मजुरांच्या संघटनांसाठी अर्ज भरून घेणं आणि पोच मिळवणं हीसुद्धा लढाईच होती. कायद्याचा इतिहास विधिमंडळाच्या कामकाजात सापडेल. अंमलबजावणीचा इतिहास पोचपावत्यांत आहे, आणि त्या कुणाच्या तरी पत्र्याच्या पेटीत पडून असतात.

१९८० मध्ये सुरू झालेली संजय गांधी निराधार अनुदान योजना बघा. आधार नसलेल्या माणसासाठीची ही योजना, आणि तिथं उत्पन्नाचा दाखला हवा, महाराष्ट्रात किमान १५ वर्षं राहिल्याचा पुरावा हवा. जो जितका निराधार, त्याच्याकडे कागद तितके कमी. हा पेच समजून घ्यायला लाभार्थ्यांच्या यादीबरोबर नामंजूर अर्जही पाहावे लागतात.

जुन्या कागदाचं वजन किती असतं हे अलीकडे सगळ्या राज्यानं पाहिलं. मराठा आरक्षणाच्या आंदोलनानंतर सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारनं निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि मराठवाड्यातल्या निजामकालीन महसुली, शैक्षणिक नोंदींत कुणबी उल्लेखांचा शोध सुरू झाला. आरक्षणाबद्दल तुमचं मत काहीही असो, संशोधक म्हणून एवढं पाहा : आज दाखला मिळणार की नाही हे उर्दू आणि मोडी वाचता येणाऱ्या माणसांवर येऊन ठेपलं. जी लिपी आपण अभ्यासक्रमातून बाजूला ठेवली, तीच लोकांच्या हक्काच्या वाटेत उभी राहिली.

तुमच्या कामात हे कसं वापराल?

१. नावांची यादी आधी करा. खडकी, फत्तेनगर, औरंगाबाद, छत्रपती संभाजीनगर : चारही नावांनी सूची शोधा. संस्थांची लोकांच्या तोंडची नावंही लिहून ठेवा.

२. गॅझेटियर दोन्ही पाहा. निजामकाळातला १८८४ चा आणि महाराष्ट्र शासनाचा १९७७ चा. नव्या गॅझेटियरमध्ये सार्वजनिक आरोग्य, समाजसेवा आणि स्वयंसेवी संस्थांची प्रकरणं आहेत. दोन्हींत काय आलंय आणि काय गळलंय याची तुलना करा.

३. सन तपासा. हैदराबाद संस्थानच्या कागदांत फसली सन असतो. त्यात ५९० मिळवले की इसवी सन जवळपास निघतो. फसली १३५७ म्हणजे १९४७-४८.

४. कोरे अर्जसुद्धा साधन समजा. अर्जात कोणते रकाने आहेत यावरून सरकारनं हक्कदार कुणाला मानलं ते कळतं.

५. फलकांचे फोटो काढा. माहिती अधिकार कायद्याच्या (२००५) कलम ४ नुसार कार्यालयांनी १७ बाबींची माहिती स्वतःहून प्रसिद्ध करायची असते. लोकसेवा हक्क कायद्यानुसार (२०१५) सेवांची यादी, मुदत आणि अपिलाचे अधिकारी फलकावर लावायचे असतात. खबर देणं हे सरकारचं कर्तव्य आहे, हे कायद्यात यायला २१ वं शतक उजाडलं. आजचा फलक उद्याचं साधन आहे, आणि तो पुसला की परत मिळत नाही.

६. मुलाखतीत 'तुम्हाला लाभ मिळाला का?' एवढ्यावर थांबू नका. 'तुम्हाला हे पहिल्यांदा कुणी सांगितलं? सोबत कोण आलं होतं? किती चकरा झाल्या? कोणता कागद कमी पडला?' हे विचारा. माणूस सविस्तर बोलायला लागतो.

शेवटी एक छोटं काम. आपल्या तालुक्यातली कोणतीही एक सेवा घ्या. एका पानावर चार रकाने आखा : सोय, मुभा, खबर, पुरावा. प्रत्येकासमोर तुमच्याकडे कोणतं साधन आहे ते लिहा. बहुतेकांचा पहिला रकाना भरेल आणि बाकीचे तीन रिकामे राहतील. त्या रिकाम्या रकान्यांपैकी ज्याचं साधन तुमच्या गावात, तुमच्या ओळखीत मिळू शकेल असा एक निवडा. प्रस्ताव तिथूनच लिहायला घ्या.