दोन दारांच्या दोन मोटारी

आपल्या पांढुर्णा-सौंसर भागातला माणूस जुनी मोटार घ्यायची म्हटली की नागपूरकडेच पाहतो. 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत नागपूर आपल्याच राज्याची राजधानी होते. त्या दिवशी ते परराज्य झाले, आणि तिथली मोटार कायमची इकडे आणायला ना-हरकत दाखला, नवा क्रमांक, नवा कर आला. 2023 मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला, सोपस्कार तेच राहिले.

अशा ग्राहकापुढे दोन मोटारी ठेवू. एक 1961 पासून मद्रासला बनलेली दोन दारांची स्टँडर्ड हेरल्ड, 948 सीसीची. दुसरी गोव्याची सॅन स्टॉर्म, नव्वदीच्या अखेरची. रेनॉचे 1149 सीसीचे इंजिन, सुमारे 60 अश्वशक्ती. वेगात हेरल्ड तिच्या जवळपासही नाही. जोरात वळण घेतले तर हेरल्डची मागची चाके आत दुमडू पाहतात, म्हणून सिल्लेवानी घाटात बेताने चालवलेली बरी.

पण हेरल्डचे बॉनेट मडगार्डांसकट पुढे उलटते. मेकॅनिक चाकावर बसून इंजिन खोलतो! पत्रा चेपला तर ठोकून सरळ होतो. स्टॉर्मचे अंग फायबरचे. गंजत नाही, पण तडकले की आपला डेंटर हात टेकतो. शिवाय तिच्यात माणसे दोनच. लग्नाला का एकेक फेरी करायची?

मी हेरल्डच घेईन. पंधरा वर्षे कधीच उलटल्याने तिची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागेल, हे कबूल करून.