पायाखालच्या खदानी

आमच्या लष्कर शहराची गोष्ट छावणीपासून सुरू होते. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांनी ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली तळ दिला आणि त्या तळाचेच पुढे शहर झाले. माझे घर या शहरातल्या जयेंद्रगंजात. आजूबाजूच्या टेकड्यांतून दगड काढला गेला, त्याच्या जुन्या खाणी अजून दिसतात. हिंदी शेजाऱ्यांबरोबर राहून आम्हीही त्यांना ‘खदान’च म्हणतो. दगडाची खदान बंद पडली तरी तिचा खड्डा उघडा राहतो. आयाबाया पोरांना तिकडे फिरकू देत नाहीत.

माझी एक मावसबहीण चंद्रपूर जिल्ह्यात दिलेली. तिच्याकडे गेलो की तिथल्या मराठीतही ‘खदान’ हाच शब्द ऐकू येई. पण तिथली जुनी खदान भुयाराची. ती बंद झाली की तिचे तोंड बुजते, वर गवत उगवते आणि हळूहळू वस्ती उभी राहते. खालची पोकळी मात्र जागच्या जागी असते.

ही पोकळी काय करू शकते, ते २६ ऑगस्ट २०२२ रोजी घुग्घुसला दिसले. ऐन पावसाळ्यात अमराई वॉर्डातले एक राहते घर बघता बघता जमिनीत गडप झाले. खड्डा साठ-सत्तर फूट खोल असल्याच्या बातम्या आल्या. जमीन हादरताच घरची माणसे बाहेर धावली, म्हणून वाचली. आसपासची दीडशेच्या वर कुटुंबे हलवावी लागली. खाली इंग्रजी अमदानीतली, केव्हाच बंद पडलेली कोळशाची खाण होती.

वर्धेच्या खोऱ्यातली ही कोळशाची कहाणी सव्वाशे वर्षांहून जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकात वरोऱ्याला सरकारी खाण सुरू झाली. कोळसा नेण्यासाठी तिथवर आगगाडी आली. ती खाण १९०६ साली बंद झाली, पण तोवर बल्लारपूरचे काम पुढे आले होते. १९७३ मध्ये खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले आणि १९७५ मध्ये वेस्टर्न कोलफील्ड्स, म्हणजे आपली ‘वेकोलि’, स्थापन झाली. तेलुगू, हिंदी, छत्तीसगढी बोलणारे मजूर आले आणि खाणींभोवतीची खेडी बहुभाषी गावे झाली. मालक बदलले, माणसे बदलली. खाली कुठवर खणले आहे याची आठवण मात्र प्रत्येक बदलात थोडी थोडी गळत गेली.

खाली घडते ते असे. कोळसा काढताना मधे मधे कोळशाचेच चौकोनी खांब ठेवतात. त्यांवर छत तोलले जाते. वर्षानुवर्षांच्या पाण्याने व हवेने खांबांचे पापुद्रे सुटतात. छताचा थर पडतो, मग त्याच्या वरचा. फुटलेला दगड अखंड दगडापेक्षा जास्त जागा घेतो. भेलीचा गूळ चिरला की डबा अपुरा पडतो, तसे. म्हणून खाण खोल असेल तर पडलेल्या दगडानेच पोकळी भरते आणि पडझड मधेच थांबते. खाण उथळ असेल तर पोकळी वर सरकत सरकत थेट अंगणापर्यंत पोचते. पावसाचे पाणी माती खाली ओढून नेते आणि तिला घाई करते. यावर मूळ उपाय म्हणजे काम संपताच पोकळीत वाळू भरणे. झरियासारख्या ठिकाणी तर खाली आगही आहे. ती १९१६ पासून नोंदलेली आहे. झरिया आणि राणीगंज येथील वस्त्या हलवण्यासह आगी विझवण्याची नऊ हजार कोटींहून अधिक रुपयांची योजना २००९ साली मंजूर झाली.

इंग्लंडात १८७२ च्या कायद्याने बंद खाणीचा नकाशा सरकारात जमा करणे सक्तीचे केले. आज तिकडे कोळसापट्ट्यात घर घेणारा आधी हे नकाशे तपासून घेतो. आपल्याकडेही बंद खाणीचे नकाशे खाण सुरक्षा महासंचालनालयाकडे द्यावे लागतात. त्याचे मुख्यालय धनबादला आहे. पण घुग्घुस किंवा वणी भागात प्लॉट घेणारा माणूस सातबारा पाहतो, आणि सातबाऱ्यावर जमिनीच्या पोटातले काही लिहिलेले नसते.

तेव्हा वाचकहो, कोळसापट्ट्यात घर घेणार असाल तर वेकोलिच्या क्षेत्रीय कार्यालयात खालच्या कामाची लेखी विचारणा करा. गावातल्या निवृत्त खाणकामगाराला गाठा. भुयार कुठे वळले होते हे त्याच्या पायांना ठाऊक असते. दारे एकाएकी अडकू लागली, भिंतीला पायऱ्यांसारखी तड गेली, विहिरीचे पाणी एका रात्रीत उतरले किंवा पावसानंतर अंगणात गोल चीर दिसली, तर आधी मुलेबाळे बाहेर काढा आणि मग तलाठ्याकडे जा.

सीमाभागात आपण जमिनीच्या वरच्या रेषांसाठी पिढ्यान्‌पिढ्या भांडलो; गावागणिक नकाशे पाठ केले. खालच्या रेषांचे नकाशेही नगरपरिषदेच्या भिंतीवर, सर्वांना वाचता येतील अशा भाषांत, लागले पाहिजेत. अमराईतल्या त्या घराला असा एक कागद वेळेवर मिळाला असता, तर घर तिथे बांधलेच गेले नसते.