हृदयनिष्फलता, प्रगत

शरीराच्या गरजेइतके रक्त पुढे ढकलण्याचे सामर्थ्य हृदयाने गमावले, आणि सर्व उचित औषधे देऊनही विश्रांतीत वा किंचित श्रमाने रुग्णास धाप लागत राहिली, म्हणजे त्या अवस्थेस प्रगत हृदयनिष्फलता म्हणतात. हृदयरोहिण्यांचा रोग, दीर्घकाळचा उच्च रक्तदाब, हृत्स्नायूंचे विकार आणि, भारतात अद्यापि, बालपणीच्या संधिवाती ज्वराने झडपांना झालेली इजा ही तिची प्रमुख कारणे होत.

उपद्रव : दुर्बल डाव्या निलयामागे रक्त तुंबून फुप्फुसांत पाणी झिरपते आणि उताणे निजणे अशक्य झालेला रुग्ण उशा रचून, पाय पलंगाखाली सोडून, बसल्या बसल्याच रात्र काढतो. उजवी बाजू थकली की पाय, यकृत व उदर सुजतात. रक्ताचा पुरवठा घटल्याने मूत्रपिंडे क्षार व पाणी धरून ठेवतात, त्याने हृदयावरील भार वाढतो आणि हे दुष्टचक्र चालू राहते. निलयांच्या अनियमित स्पंदनांनी आकस्मिक मृत्यू ओढवतो, तर अलिंदात साकळलेली गुठळी मेंदूत जाऊन पक्षाघात होतो.

उपचार : फ्युरोसेमाइडसारखी मूत्रल औषधे कमी पडली तर सूज राहते, अधिक झाली तर मूत्रपिंडांचे कार्य खालावते, म्हणून रोज सकाळी लघवीनंतर, न्याहारीपूर्वी, एकाच काट्यावर वजन करून त्याची नोंद ठेवावी आणि तीन दिवसांत दोन किलो वाढ दिसताच डॉक्टरांना कळवावे. लोणचे-पापड वर्ज्य करावेत. आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामके परस्पर घेऊ नयेत. एनालॅप्रिल, बीटा-रोधके, स्पायरोनोलॅक्टोन आणि मूळची मधुमेहावरील डापाग्लिफ्लोझिन ही औषधे आयुष्य वाढवितात. परंतु रक्तदाब खालावल्यामुळे त्यांच्या मात्रा घटवाव्या लागणे हे स्वतःच अशुभ लक्षण होय, आणि तेव्हा तज्ज्ञ केंद्राकडे रुग्ण पाठविण्यास विलंब लावू नये.

यंत्रे व प्रतिरोपण : विद्युत्-झटका देणारे रोपित यंत्र घातक स्पंदने थोपविते, डाव्या निलयास जोडलेला पंप रक्ताभिसरण सांभाळतो, मात्र रक्तस्राव, गुठळी व जंतुसंसर्ग यांची जोखीम त्यासोबत येते. केप टाउन येथे ३ डिसेंबर १९६७ रोजी ख्रिस्तियान बार्नार्ड यांनी मानवी हृदयाचे पहिले प्रतिरोपण केले. पुढील फेब्रुवारीतच मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्र. कु. सेन यांनी तो प्रयत्न केला, परंतु रुग्ण काही तासच जगला. मेंदूमृत्यूस मान्यता देणारा कायदा १९९४ मध्ये झाला आणि त्याच वर्षी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. वेणुगोपाल यांना यश लाभले.

उपशामक शुश्रूषा : हृदयदाते थोडे असल्याने बहुसंख्य रुग्णांना प्रतिरोपणाचा मार्ग खुला नसतो. अशा वेळी अल्प मात्रेतील मॉर्फीनने धाप शमविणे, आणि अखेरच्या दिवसांत झटक्याचे यंत्र बंद ठेवण्याविषयी रुग्ण सावध असतानाच त्याची इच्छा विचारून घेणे, हेही चिकित्सेचेच अंग आहे; ते आरंभापासून इतर उपचारांच्या जोडीने चालावे.