पोंपेईच्या भट्टींतील पाव

सेमिनरींत लॅटिन शिकत असतां आम्हीं रोमन लोकांस ओळखलें तें सीझरच्या लढायांतून व सिसेरोच्या भाषणांतून. त्या पानांवर सेनापति, सेनेटर व वक्ते यांची दाटी. परंतु धान्य कोण दळी, पाव कोण भाजी व घरांत पाणी कोठून येई, याविषयीं तीं पानें बहुधा मुकींच. तें मौन अखेर भूमीनें मोडिलें. इ. स. ७९ मध्यें व्हेसुव्हियस पर्वताचा स्फोट होऊन इटलींतील पोंपेई व हर्क्युलेनियम हीं शहरें गाडलीं गेलीं. हर्क्युलेनियमचें उत्खनन १७३८ सालीं व पोंपेईचें १७४८ सालीं सुरू झालें. पोंपेईचा सुमारें एक तृतीयांश भाग अद्यापि मातीखालींच आहे.

प्रथम पाण्याची गोष्ट घेऊं. ऑगस्टस बादशहाच्या काळांत सेरिनो येथील झऱ्यांपासून मिसेनमच्या आरमारी बंदरापर्यंत सुमारें ९६ किलोमीटर लांबीचा पाट बांधण्यांत आला, व त्याची एक शाखा पोंपेईस आली. असे पाट पाझरूं नयेत म्हणून रोमन गवंडी आंतून चुन्यांत खापरांची पूड मिसळून गिलावा करीत. आपल्याकडील जुन्या गवंड्यांची सुरखी ती हीच. पाणी शहराच्या सर्वांत उंच वेशीपाशीं एका इमारतींत शिरे, तेथें त्याच्या तीन वाटा होत, आणि पुढें तें शिशाच्या नळांतून उतरे. पण शहर उतरणीवर असल्यामुळें खालच्या आळ्यांत पाण्याचा जोर नळ फोडील, ही भीति! त्यावर कारागिरांनीं केलेली युक्ति पाहण्यासारखी आहे. चवाठ्यांवर सुमारें सहा मीटर उंचीचे मनोरे उभारून त्यांच्या माथ्यावर शिशाच्या टाक्या बसविल्या. पाणी नळानें वर चढे, टाकींत विसावे, आणि जोर मोडल्यावर पुढच्या नळांत उतरे. शिशाच्या नळांपेक्षां मातीच्या नळांचें पाणी आरोग्यास बरें, असें व्हित्रुव्हियस नामक स्थापत्यकारानें आधींच लिहून ठेविलें होतें. तें फारसें कोणीं मनावर घेतलें नाहीं.

धनिकांच्या घरीं नळ होता. इतरांस रस्त्यांवरील सुमारें चाळीस हौदांचा आधार. त्या हौदांच्या दगडी कडा एकेका ठिकाणीं झिजून गुळगुळीत झाल्या आहेत, कारण पाण्यासाठीं वांकणारा प्रत्येकजण तेथेंच हात टेकीत असे. चैत्र-वैशाखांत विहिरीचा तळ पाहिलेल्या आमच्या वाचकांस ती झीज कोणत्याही विजयकमानीपेक्षां अधिक बोलकी वाटेल.

रस्त्यांवरील फरसबंदींत गाड्यांच्या चाकोऱ्या खोल उमटल्या आहेत. त्या वाटांनीं दूरदेशींचा मालही येई. १९३८ सालीं पोंपेईच्या एका घरांत हिंदुस्थानांत घडलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ति सांपडली; तिच्याशीं मिळत्याजुळत्या मूर्ति मराठवाड्यांतील तेर व भोकरदन येथें मिळाल्या आहेत. मूर्ति तेथवर कोणत्या हातांतून पोहोंचली, हें मात्र मूर्ति सांगत नाहीं.

आतां पावाकडे वळूं. १८६२ सालीं पोंपेईंतील एका भट्टींत ८१ पाव जसेच्या तसे सांपडले. जळून कोळसा झालेले, वाटोळे, मोडून वांटून घेतां यावे म्हणून आठ भागांच्या खुणा केलेले. अशा तीसांहून अधिक भट्ट्या शहरांत होत्या, व बहुतेकांच्या चौकांत पीठ दळण्याचीं मोठीं जातीं उभीं आहेत. खालचा दगड शंकूसारखा. त्यावर डमरूच्या आकाराचा दुसरा दगड. वरून धान्य ओतावें, लांकडी दांडा जोडून दगड फिरवावा, व खालीं पीठ गळावें. काळ्या ज्वालामुखी दगडाचें हें यंत्र साधें व पक्कें.

परंतु तें फिरवी कोण? गाढवें फिरवीत, व माणसेंही. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांतील अपुलेयस या लेखकानें अशा गिरणींतील दासांचे हाल वर्णिले आहेत. कादंबरीकाराची अतिशयोक्ति म्हणून तें बाजूस सारणें सोपें होतें. मग डिसेंबर १९२३ नव्हे, तर अगदीं अलीकडे, डिसेंबर २०२३ मध्यें, पोंपेईच्या नवव्या विभागांतील एक भट्टीघर प्रसिद्ध करण्यांत आलें. दळणाच्या जागेस रस्त्यावर दार नाहीं. बाहेर पडावें तें मालकाच्या चौकांतूनच. खिडक्या लहान, उंचावर, व त्यांस लोखंडी गज. जात्याभोंवतालच्या फरशींत अर्धवर्तुळाकार खांचा कोरल्या आहेत, म्हणजे डोळे बांधलेल्या जनावराचें पाऊल घसरूं नये व चाल नेमानें पडावी. त्याच घरांत तीन मृतांचे सांगाडे सांपडले. मनोऱ्यावरील टाकी योजणाऱ्या बुद्धीनेंच ह्या खांचा योजिल्या, हें आम्हांस विसरवत नाहीं.

हर्क्युलेनियमचा एक पाव नेपल्सच्या संग्रहालयांत आहे. त्यावर ठसा आहे, व तो सांगतो कीं हा पाव केलेर याचा, जो क्विंतुस ग्रानियुस वेरुस याचा दास. सामाईक भट्टींत दुसऱ्याच्या पावांशीं गल्लत होऊं नये, एवढ्यासाठींच तो उठविला असावा. मालकाचें नांव त्यांत आहे; पण आरंभीं आहे तें केलेरचें.