जन्म कुठला आणि आई-बाप कोण?

सावनेरकर मंडळी, नागरिकत्वाचा विषय निघाला की सगळ्यांना दिल्ली आठवते. आम्ही अमरावतीपासून सुरुवात करतो.

ऑगस्ट १९४९. संविधान सभेत नागरिकत्वाची कलमं चर्चेला आली. या कलमानं मसुदा समितीला फार डोकेदुखी दिली, असं डॉ. आंबेडकरांनीच सांगून टाकलं होतं. तेव्हा आपले पंजाबराव देशमुख उठले. म्हणाले, या मसुद्यानं भारताचं नागरिकत्व जगात सगळ्यात स्वस्त करून ठेवलं. विमान मुंबईला काही तास थांबलं, परदेशी बाई तिथे बाळंत झाली, तर ते मूल भारतीय? (मसुद्यात अधिवासाची अट होती, त्यामुळे उदाहरण जरा ताणलेलंच.) त्यांची दुरुस्ती अशी, की जो हिंदू किंवा शीख दुसऱ्या देशाचा नागरिक नाही, त्याला तो कुठेही राहत असला तरी इथलं नागरिकत्व मिळावं. सभेनं ती फेटाळली.

१९५५ चा कायदा तर आणखी उदार निघाला. जन्म इथला ना? मग झालं. राजदूतांची मुलं वगैरे अपवाद सोडा, आई-बाप कोण हे विचारायचंच नाही. पुढे आसाम पेटलं, आणि १ जुलै १९८७ पासून आई-वडिलांपैकी एक तरी भारतीय हवा असं ठरलं. ३ डिसेंबर २००४ पासून दोघंही हवेत. एकच असेल तर दुसरा बेकायदा स्थलांतरित नको. म्हणजे थोरला १९८६ चा, मधली १९९० ची आणि शेंडेफळ २००५ चं असेल, तर एकाच घरात तीन भावंडांना तीन नियम!

२०१९ मध्ये धर्म कायद्यात आला. पाकिस्तान, बांगलादेश, अफगाणिस्तानातून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या सहा धर्मांच्या लोकांना वेगळी वाट मिळाली. पंजाबरावांची सूचना परत आली म्हणायचा मोह होतो, पण त्यांना देशाची आणि तारखेची अट नको होती.

धर्मावर वाद पुष्कळ झाला, व्हायलाच हवा. आम्हाला १९८७ चा बदलही तितकाच मोठा वाटतो. त्यावर कोणी बोलत नाही. आमची धाकटी मुलगी १९८८ ची. जन्म इथला, पण तेवढ्यानं भागत नाही. तिचं भारतीय असणं आमच्या नाहीतर तिच्या आईच्या कागदावर टांगलेलं. आणि आमचे कागद काय? आई घरीच बाळंत झाली, नोंद कोणी केली नाही. शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून लावला. दाखल्यावर तोच, पेन्शनच्या कागदावरही तोच.

इथे १ जूनवाले किती आहेत? हात वर करा बरं. ...बघा, पुढची सगळी रांग!